बदामाच्या जागी पिस्ते

माझी थोरली बहीण झोहरा ट्युनिशियातल्या स्फाक्समध्ये लग्नांची मिठाई करते. तिच्या बदामाच्या सारणात गुलाबपाणी असं उतरतं, जशी अंगणात पहाट. तिच्या मुलीशी, दुर्राशी, अनीसचं लग्न ठरलं होतं, पण झोहरा काही लग्नाची तारीख देईना. म्हणायची, "आधी माझं दुकान नेटवर मांडून दाखव, पोरा. मग बघू."

अनीस बिचारा नेटवरच्या दुकानाच्या दोन तयार सांगाड्यांत अडकून बसला. दोन्ही फुकटचे, आतलं सगळं उघडं, कुणीही बदलून घ्यावं असे. साठा, ऑर्डरी, पैसे मागे सांभाळले जाणार, पुढचा चेहरा आपण घडवायचा.

"म्हणजे बिनमुंडक्याचं दुकान," झोहरा म्हणाली. "आणि डोकं लावणार तू! अल्ला, तूच सांभाळ."

एक सांगाडा नवा, देखणा. अनीसचा जीव त्याच्यावर. "खाला, जगभरच्या पोरांनी याला तारे दिलेत, तारे!"

"आभाळात पुष्कळ आहेत. दुसरा कसा?"

"चालतो... पण जुनाट आहे."

"माझ्यासारखा," झोहरा म्हणाली. दुर्रा खिडकीकडे वळून हसली.

आम्ही सारण भरत होतो. झोहराने हात न थांबवता अनीसला नव्या सांगाड्यावर ऑर्डर लिहायला लावली. "बदामाचा बकलावा, चार ताटं. पैसे मिळाले. आता नवरदेवाची आत्या रुसली. दोन ताटं पिस्त्याची कर, आणि एक तिच्या घरी पाठव."

अनीसची बोटं थबकली. "खाला, पैसे भरल्यावर यात बदल होत नाही. रद्द करून नवी ऑर्डर द्यावी लागेल."

"आत्या रुसली म्हणून ऑर्डर रद्द? अरे, माझ्या दारातून एक तरी ऑर्डर पहिल्यासारखी बाहेर पडलीय का?"

"साखरपुड्याची तर तुझ्या आईनेच बदलत नेली," मी अनीसला म्हटलं.

अनीस कानापर्यंत लाल झाला. त्याने जुनाट सांगाडा उघडला. ताटं बदलली, आत्याचा पत्ता चढला, पिस्त्याच्या वरच्या पैशांचा हिशोब आपोआप निघाला.

"पण याला चेहरा घडवायचा म्हणजे मला दुप्पट राबावं लागेल," तो पुटपुटला.

"राब की! जावई होणार आहेस."

त्याने नव्याकडे शेवटचं पाहिलं, गाव सोडणारा समुद्राकडे पाहतो तसं.

"कुणाकडे बघतोस रे?" दुर्रा.

"कुणाकडे नाही!"

"ही ऑर्डर पुसू नकोस," झोहरा म्हणाली. "नाव घाल दुर्राचं. तारीख घाल, ऑगस्टचा दुसरा शनिवार."

खोलीत नुसता बदामाचा वास राहिला. अनीसने तारीख टाकली, आणि बदल करायचं बटण झोहराच्या नजरेस पडायच्या आत लॅपटॉप मिटून टाकला.