बीथोवेन वरच्या कप्प्यात

“आत्या, एकाच कानात इयरफोन? दुसरा कान उपाशी ठेवलाय व्हय?”

“दुसरा मायचा हाय,” कोथिंबीर निवडता निवडता रत्नमाला आत्या म्हणाली. “तिनं हाक मारली तर?”

माय म्हणजे माझी आजी, गोजरबाई. लकवा झाल्यापासून आतल्या पलंगावर. तेव्हाच आत्यानं शेंद्र्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली. तिथला एक जर्मन इंजिनिअर मायदेशी जाताना तिला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या खोकंभर सीडी देऊन गेला होता. पुढं तिनं जुन्या बाजारातून आणखी जमवल्या. दहावीची परीक्षा देऊन मी पडेगावला आत्याकडं आले आणि बघते तर काय, कपाटात साड्यांना एक कप्पा आणि सीडींना तीन! स्पीकर मात्र बंद. लावला की आजी आतून विचारते, “कोण मेलं गं?”

“यातला तुझा सगळ्यात आवडता कोण?”

“बाख. लई गुणाचा माणूस. एका चालीनं चालतो, मधीच वरडत नाय.”

“आणि मोझार्ट?”

“तो बी बरा. मायला भरवताना चालतो.”

बीथोवेन सगळ्यात वरच्या कप्प्यात होता, कोरा करकरीत. मी एक सीडी खाली काढली. आत्याचे हात थांबले.

“तो नको, प्रेरणा. त्याच्यात हाक बुडून जाती.”

“पण आवडतो ना?”

ती निवडलेली काडी पुन्हा निवडत बसली.

मग मी कशाला ऐकते! तिला खुर्चीत बसवलं, दोन्ही कानांत इयरफोन खुपसले आणि आजीच्या दारात पहाऱ्याला उभी राहिले. “आजी माझ्याकडं. तू आज सुट्टीवर!”

बीथोवेन सुरू झाला. आत्यानं दचकून उजव्या कानाला हात लावला.

“अगं, इकडं तर निराळंच वाजतंय!” ती जवळजवळ ओरडलीच. इतकी वर्षं तिनं सगळ्यांना अर्धंच ऐकलं होतं! मग तिनं डोळे मिटले. पायाचा अंगठा ठेका धरू लागला. ओठ हलायला लागले. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आणि ती ताडकन उठली. वायर ताणून सीडी प्लेअर खाली आदळला.

“आले, माय!”

“आत्या, कुणी हाक नाही मारली. मी इथंच उभी आहे.”

“मारली. मला ऐकू आली.”

मला बाजूला सारून ती आत गेली. आजी तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. आत्यानं चादर सारखी केली. मग खाली वाकून आपला कान आजीच्या ओठांजवळ नेला आणि बराच वेळ तशीच राहिली.