जिलबीचं खमीर

मारोतरावांनी बरणीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि बरणी हातभर लांब धरली.

"हे काय व्हय, नर्सबाई? बंडीचं वंगण तं नाई?"

"औषध आहे. रोज चमचाभर, गरम पाण्यात. रुख्मिणीसाठी," कस्तुराबाई म्हणाल्या.

मारोतरावांची सून रुख्मिणी ओसरीत खांबाला टेकून बसली होती. सातवा महिना होता. ओठ, हिरड्या, नखं, सगळं एकाच पांढुरक्या रंगाचं. जिभेवरची त्वचा सोललेली. लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढलं नव्हतं. भाजीत दोनदा मीठ पडायचं आणि मग ती चुलीपुढे रडत बसायची. मारोतराव म्हणत, बाहेरचं लागलं. वाशिमचे डॉक्टर म्हणाले होते, अन्नातलं काहीतरी कमी पडतंय; त्याला अजून धड नाव नाही, पण हिरव्या पाल्यात ते असतं आणि या अर्कातही. चैत्रात इंझोरीला हिरवा पाला कुठून येणार?

"मांसासारखा वास येऊन राह्यला. आमी माळकरी मानसं."

"मांस नाही. खमिराचं आहे."

"कायच्या खमिराचं?"

कस्तुराबाईंना ते माहीत होतं. दारूच्या पिपाच्या तळाशी बसतं, त्याचं. खरं सांगितलं तर बरणी गल्लीत जाणार होती. आणि औषधाशिवाय ही पोरगी बाळंतपणातून उठेल, याची खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती.

मारोतरावांची बायको रंगूबाई पुढे आली. बरणीत बोट बुडवून तिनं ते नाकाशी नेलं. मग सरळ कस्तुराबाईंकडे पाहत म्हणाली, "जिलबीच्या पिठात घालते, तेच न हे, बाई?"

"जात तीच," कस्तुराबाई म्हणाल्या.

"मंग द्या न! जिलबी तं बामनंबी खातात," मारोतराव हसले.

रंगूबाई बैलबंडीपर्यंत पोचवायला आली.

"माह्या मायच्या गावाले लागूनच दारू गाळनाऱ्यांचा तांडा होता. मोहाच्या गाळाचा वास मले कळते."

"मग तुम्ही तसं का..."

"जगली पायजे पोरगी. तिले सांगू नका. तिच्या बापानं मरताना माळ घातली तिच्या गळ्यात. कळलं तं ती थुकून देईन. पाप लागलं तं मले लागू द्या."

कस्तुराबाईंना औषधाचे गुण ठाऊक होते, पापाबद्दल काही सांगता येत नव्हतं. त्या बंडीत बसल्या.

पुढच्या खेपेला रुख्मिणीच्या जिभेचं सोलणं थांबलं होतं. भूक लागत होती. त्याच्या पुढच्या खेपेला ओठांत रंग दिसला.

"काल मले उलटून बोलली, बाई," रंगूबाई म्हणाली. "म्हने, मीठ मी टाकलं हाय, तुमी टाकू नका. चांगलं हाय न?"

"फार चांगलं आहे."

मुलगी झाली. लहानखुरी, पण आवाज खणखणीत. रुख्मिणी तिसऱ्या दिवशी स्वतः उठून बसली.

सव्वा महिन्यानं बारसं झालं. कस्तुराबाईंना आग्रहाचं बोलावणं होतं. गावातल्या माळकऱ्यांच्या बायांची पंगत बसली. वाढणाऱ्या रंगूबाईचा गळा मोकळा होता.

"अवो, बस न आता," मारोतराव ओरडले.

"माळ तुटली न माही. विहिरीवर."

"महाराज आले हायेत. दुसरी घालून घे."

"पाहू पुढं."

माळ घालणारे महाराज हाकेच्या अंतरावर बसले होते. ती तिकडे गेली नाही. स्वतःचं ताट वाढून गोठ्याच्या भिंतीशी जाऊन बसली. एवढ्यात रुख्मिणी पोरीला छातीशी धरून आली आणि सासूच्या शेजारी बसायला लागली.

"इथं काहून, मामी? मीबी इथंच जेवतो."

"इथं नोको. तू लाईनीत बस. तुही जागा थे हाय."

"पन तुमी..."

"जा म्हनलं न. पोरीले दे माह्याजवळ, हात मोकळे ठेव."

रुख्मिणी पंगतीत जाऊन बसली. रंगूबाईनं नातीला मांडीवर घेतलं, पदर गळ्याभोवती लपेटून घेतला आणि घास मोडला.