मोरेनो सुटला त्या रविवारी

लाटता लाटता पोळी मधोमध फाटली. निवेसने लाटणं बाजूला ठेवलं आणि पिठाळलेले हात तसेच कमरेवर घेऊन ती उभी राहिली. इटलीतल्या बुद्रिओ गावच्या त्या गल्लीत तिच्या पास्त्याचं नाव होतं. आज मात्र पीठ ऐकत नव्हतं. अंडी आणि वाटलेला पालक घालून मळलेल्या लझान्याच्या हिरव्या गोळ्याला निवांत निजू द्यावं लागतं, आणि तेवढा धीर तिला नव्हता. सारखी फडकं उचलून ती गोळा बोटाने दाबून बघे, पुन्हा झाके, खिडकीशी जाऊन रस्ता बघून येई.

तिचा मुलगा मोरेनो आज तुरुंगातून सुटून येणार होता.

चार वर्षांपूर्वी एका लग्नाहून परतताना तो दारू पिऊन गाडी चालवत होता. गाडी आदळली आणि शेजारी बसलेला त्याचा काका ओरियानो जागीच गेला. ओरियानोला थोरल्या भावाने, म्हणजे निवेसच्या नवऱ्याने, लोरिसने, पोरासारखं वाढवलं होतं. निवेस दर महिन्याला मुलाला भेटून येई. लोरिस एकदाही गेला नाही. भावाचं नाव नाही की मुलाचं नाही, त्याने घरात दोन्ही नावं घेणं सोडलं होतं. आज सकाळीच तो म्हणाला होता, की मी दुपारी मळ्यातच पाव खाईन. निवेसने वाद घातला नाही. टोमॅटोला आजच पाणी द्यायला हवं का, एवढं मात्र तिने तीनदा विचारलं.

फाटलेली पोळी तिने पुन्हा मळली आणि या वेळी दोन्ही हात मांडीखाली दाबून स्टुलावर बसून राहिली. मग लाटली तेव्हा पोळी आरपार दिसण्याइतकी पातळ झाली. पहाटेपासून मंद आचेवर शिजलेला खिमा, दुधाचा पांढरा सॉस, किसलेलं चीज असे थर लावून तिने ताट भट्टीत सरकवलं.

तेवढ्यात घंटा वाजली. स्वतःच्याच घराची घंटा वाजवून मोरेनो बाहेर उभा होता. खूप वाळला होता.

"बाबा कुठेत?"

"मळ्यात."

मग मी जेवून निघतो, म्हणाला. मित्राकडे झोपायची सोय केली होती. निवेस म्हणाली, "आधी बस तर खरं."

ती वाढायला लागली तोच मागचं दार वाजलं. लोरिस आत आला, हात धुतले आणि कुणाकडे न बघता आपल्या खुर्चीवर बसला.

लझान्याचा कुरकुरीत भाजलेला कोपरा घरात सगळ्यांना हवा असे. त्यावरून मोरेनो आणि ओरियानो वर्षानुवर्षं भांडत आले होते. सवयीने निवेसने तो मोरेनोच्या ताटलीत वाढला. मोरेनो त्याकडे बघत राहिला. मग त्याने ताटली उचलून बापापुढे ठेवली.

लोरिसने काट्याने कोपऱ्याचे दोन तुकडे केले आणि ताटली मधोमध सरकवली.

"अर्धा खा," तो म्हणाला. "ओरियानोला कधी तू अख्खा खाऊ दिला नाहीस, तुलाही अख्खा मिळायचा नाही."

मोरेनोने काटा उचलला. टेबलावर वाइन नव्हती. लोरिस पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडू लागला, आणि ते त्याला बराच वेळ उघडता आलं नाही.