सात चिकटवलेले अध्याय

माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात आणि ते खरं आहे. पुस्तकं बांधायच्या धंद्यात तीस-पस्तीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार? लोक पुस्तकावर चहाचा कप ठेवतात, पाठीला धरून फडताळातून ओढतात आणि मग माझ्यासमोर ठेवून साळसूदपणे म्हणतात, बघा ना, आपोआप सुटलं. आपोआप काहीही सुटत नाही.

म्हणून आमचे पाळकसाहेब प्रार्थनामंदिरातलं पवित्र शास्त्राचं मोठं पुस्तक चादरीत गुंडाळून दुकानात घेऊन आले, तेव्हा मी आधी त्यांनाच झापलं. पुस्तकाची पाठ पार मोडली होती.

"माझ्याच हातून पडलं, ताई," ते म्हणाले. वयाने माझ्या भाच्याएवढे, मंडळीत येऊन त्यांना अजून वर्षही झालं नव्हतं. "पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी नवी फेरी सुरू व्हायचीय. तोवर होईल ना?"

ही फेरी म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या मंडळीत दर रविवारी शास्त्रातला एकच अध्याय वाचतात. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, ओळीने. आवडीनिवडीला जागा नाही. नुसत्या नावांची यादी आली तरी ती यादी वाचायची, आणि लोकांनी जांभया दाबत ऐकायची. एक फेरी पुरी व्हायला जवळजवळ तेवीस वर्षं लागतात. वाचणारा माणूस एकच असतो आणि त्याला सगळे वाचक म्हणतात. गेली सेहेचाळीस वर्षं आमचे वाचक म्हणजे माझे बाबा. त्यांनी दोन फेऱ्या पूर्ण केल्या. आता पाय गेले, डोळेही गेल्यात जमा, म्हणून तिसऱ्या फेरीची वाचक मी. माझी निवड मोठ्या आवाजामुळे झाली, गोड स्वभावामुळे नक्कीच नाही.

बाबा दुकानामागच्या खोलीत पडून असत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की काही आठवडे, फार तर दोन महिने. त्याचं दुःख होतंच, पण एक्याऐंशीव्या वर्षी ते समजण्यासारखं होतं. न समजणारी गोष्ट वेगळी होती. शेवटचा अध्याय वाचून झाला त्या दिवसापासून बाबांनी प्रभूभोजन घेणं सोडलं होतं. पाळकसाहेब दोनदा भाकर आणि प्याला घेऊन घरी आले आणि दोन्ही वेळा बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. विचारलं की एकच उत्तर, "माझा वाटा गेला." कसला वाटा, कुठे गेला, ते काही सांगेनात. ज्या माणसाच्या आवाजात मी अख्खं शास्त्र ऐकलं, तो मरणाला इतका भ्यालेला बघून मी भांड्यांवर राग काढी.

शास्त्र टेबलावर घेतलं. जुनी शिलाई कापली, दुमडून शिवलेल्या पानांचे गठ्ठे, म्हणजे फर्मे, सुटे केले आणि पानं मोजायला लागले. मोजताना अंगठ्याला एक पान जाड लागलं. डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं, हा आमच्या धंद्याचा गुण आहे. उजेडात धरलं तर ते एक पान नव्हतंच. समोरासमोरची दोन पानं कडेने एकमेकांना चिकटवली होती, इतकी साफ की नुसत्या नजरेला दिसू नये. पुढे आणखी एक जोडी सापडली. मग आणखी एक. सगळ्या मिळून सात.

काठावर वाळलेल्या खळीला निळसर झाक होती. कीड लागू नये म्हणून खळीत सगळेच मोरचूद घालतात, पण चिमूटभर. एवढा मोरचूद घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे. त्यानेच मला दाभण धरायला शिकवलं.

मी किटलीत पाणी उकळायला ठेवलं. वाफेवर धरलं की खळ हळूहळू मऊ होते, मग हाडाची पट्टी आत सरकवून पानं सुटी करायची. घाई केली तर कागद फाटतो. एकेक जोडी सोडवायला पाऊण-पाऊण तास गेला, आणि सुटलं की मी तिथेच उभ्याउभ्या वाचायचे.

पहिल्या जोडीत देवाचा पवित्र कोश, म्हणजे त्याच्या आज्ञांची पेटी, गाडीवरून नेत होते. बैल अडखळले, कोश कलंडू लागला, एका माणसाने तो सावरायला हात पुढे केला आणि तो जागच्या जागी मेला. बिचाऱ्याने सावरायलाच हात लावला होता. मी पट्टी खाली ठेवली. दुसऱ्या बाकावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी मला आठवल्या. त्यांचा नवरा वीजकामगार होता; खांबावरून पडणाऱ्या जोडीदाराला धरायला गेला आणि तारेला चिकटला. बाबांनी हे पान कुणासाठी मिटलं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या जोडीत टकल्या टकल्या म्हणून संदेष्ट्याला चिडवणारी पोरं होती. दोन अस्वलं रानातून आली आणि त्यांनी बेचाळीस जणांना फाडलं. आमच्या लहानपणीच्या पाळकांच्या डोक्यावर औषधाला केस नव्हता आणि आम्ही सगळी पोरं त्यांना काय म्हणायचो ते बाबांना चांगलं ठाऊक होतं. मला हसू आलं. हसता हसता वर नजर गेली तर त्याच पानांवर, त्याच अध्यायात, दोन माणसं बोलत चालली होती आणि अचानक अग्नीचा रथ मध्ये आला, अग्नीचे घोडे आले, आणि त्यातला एकजण वावटळीतून वर, आकाशात गेला. माझं हसू तिथेच थांबलं. हे मी आमच्या मंदिरात कधीच ऐकलं नव्हतं. पन्नास वर्षांची बाई मी, दर रविवारी पहिल्या रांगेत बसलेली. मी परत कोशाच्या पानांवर गेले. तिथेही तेच. ज्या कोशाला हात लावून माणूस मेला, त्याच कोशापुढे पुढच्या काही ओळींत राजा देहभान विसरून नाचत होता. एकच जवळीक एकाला मारते आणि दुसऱ्याला नाचवते, आणि बाबांच्या खळीने दोन्ही एकदम मिटवलं होतं.

सगळीच पानं अशी नव्हती. लुटीतला झगा आणि सोनं लपवणाऱ्या एका माणसाला त्याच्या मुलाबाळांसकट दगडांनी मारलं, त्या पानांवर मी गोड असं काही शोधून पाहिलं. सापडलं नाही. तीनदा वाचलं. पोरांचा काय दोष, हे मी मोठ्याने विचारलंसुद्धा. दुकानात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, तरी मला कुणीतरी ऐकतंय असं वाटलं आणि मी आवाज खाली आणला. आजही ते मला पचलेलं नाही.

सहा जोड्या सुटल्या. सातवी सुटेना. बाकीच्या कडेने चिकटवलेल्या होत्या, ही मात्र आतपर्यंत, पानभर खळ फासून. ती मी तशीच उचलली, किटली घेतली आणि मागच्या खोलीत गेले. दुपारचं ऊन बाबांच्या पांघरुणावर पडलं होतं.

"बाबा, एवढा मोरचूद कोण घालतं हो?"

बाबांनी तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं. मग म्हणाले, "सापडलं तर."

"सातही."

"पहिलं चिकटवलं ते तुझ्या भावाच्या वेळी," ते म्हणाले.

माझा भाऊ पाच महिन्यांचा असताना तापाने गेला. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई दिवसरात्र एकच विचारत होती, आपण असं काय केलं होतं? कुणीतरी शहाण्याने सांत्वनाला येऊन पापाचं फळ वगैरे बोलून ठेवलं होतं. आणि बाबांनी पुढच्या रविवारचा अध्याय काढून पाहिला, तर त्यात राजाने दुसऱ्याची बायको घेतली, नवऱ्याला मारवलं, आणि त्याची शिक्षा म्हणून देवाने राजाचं तान्हं बाळ नेलं. आईला वाचता येत नव्हतं. तिच्यापुरतं शास्त्र म्हणजे बाबा जे वाचतील तेवढंच.

"ती पहिल्या बाकावर बसणार, आणि मी उभा राहून तिला ते ऐकवणार," बाबा म्हणाले. "मला जमलं नसतं. शनिवारी मंदिराची किल्ली माझ्याकडेच असायची. रविवारी मी सरळ पुढचा अध्याय वाचला. कुणाला कळलं नाही. मग सवय लागली. कुणाचं काही दुखलं की मी खळीचं भांडं काढायचो."

"मग वाईट काय केलंत?"

"शेवटचं पान वाच."

मी दुकानातून शेवटचा फर्मा आणला आणि वाचायला लागले. जीवनाची नदी, झाड, दार. वाचता वाचता पुढची ओळ दिसली आणि माझी जीभ अडली. ह्या पुस्तकातले शब्द जो कोणी काढून टाकील, त्याचा जीवनाच्या झाडातला वाटा देव काढून टाकील. बाबांचा वाटा कुठे गेला ते आता मला कळलं. मी ती ओळ गिळली आणि पुढे वाचत राहिले.

"एक राहिली," बाबा म्हणाले.

"कुठली?"

"तुला माहितीय कुठली. तूही तेच करायला लागलीस?"

मी ती वाचली. माझा एवढा मोठा आवाज, पण खोलीच्या पलीकडे गेला नसेल. बाबा डोळे मिटून ऐकत होते. त्या ओळीनंतर फक्त दोनच ओळी उरल्या होत्या. मी लवकर येतो असं एकीत होतं, आणि दुसरीत सगळ्यांवर कृपा असो.

"सगळ्यांवर," बाबा म्हणाले. "त्यात मी येतो का ग?"

"मला नाही माहीत, बाबा. मी पुस्तकं बांधते." हे बोलताना मला रडू आलं. मी त्यांना खोटं सांगू शकले असते, पण त्या घटकेला त्या खोलीत खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही.

डोळे पुसून मी किटली पुन्हा उकळत ठेवली आणि सातवी जोडी वाफेवर धरली. बाबांनी हात पुढे केला. त्यांना दिसत नव्हतं, पण बोटं शाबूत होती. "थांब, अजून नाही. आता कोपऱ्यातून. हलक्या हाताने." त्यांनी कागद ताणून धरला, मी पट्टी सरकवत गेले. एकेचाळीस वर्षांची खळ पापुद्र्या-पापुद्र्याने सुटत होती. शेवटी पानं उघडली. डावं आणि उजवं, निळसर डागांनी भरलेली, पण अक्षर न् अक्षर जागेवर.

"वाच," ते म्हणाले. "काही गाळू नकोस."

मी वाचलं. राजाने केलेलं पाप, संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर सांगितलेली शिक्षा. बाळ आजारी पडलं. राजा उपाशीपोटी जमिनीवर पडून राहिला, कुणाचं ऐकेना. सातव्या दिवशी बाळ गेलं. इथे डावं पान संपलं. बाबांनी पांघरूण मुठीत धरलं होतं. मी उजव्या पानावर गेले. राजा उठला. त्याने अंघोळ केली, कपडे बदलले, देवाच्या घरी जाऊन दंडवत घातलं आणि घरी येऊन जेवायला मागितलं. चाकर चक्रावले. तेव्हा राजा म्हणाला, आता मी उपास कशाला करू? मी त्याला परत आणू शकतो का? मी त्याच्याकडे जाईन, तो काही माझ्याकडे परत यायचा नाही.

बाबांची मूठ सुटली. "परत," ते म्हणाले.

मी परत वाचलं. मी त्याच्याकडे जाईन.

"हे त्याच पानांवर होतं?"

"समोरच्या. उजव्या पानावर, अगदी वर."

"मला डावंच पान बंद करायचं होतं," बाबा सावकाश म्हणाले. पण एकटं पान चिकटवता येत नाही. त्याच्यावर समोरचं पान पडतंच, हे आम्हा दोघांइतकं कुणाला ठाऊक असणार?

"तुम्ही कधी वाचलंच नव्हतं का हे?"

"तरुणपणी वाचलं असेल. त्या शनिवारी मी बाळ गेलं इथपर्यंत वाचलं आणि खळ कालवायला घेतली." त्यांची बोटं उजव्या पानाची कड चाचपत होती. "तुझी आई त्यानंतर एकतीस वर्षं जगली. माझं बाळ मला पुन्हा भेटेल का, असं ती विचारायची. मी म्हणायचो, देवाला माहीत. उत्तर इथे होतं. दर रविवारी ती त्याच्यापासून चार हातांवर बसायची."

माझ्या मांडीवरची ती दोन पानं अजून वाफेने ओलसर, कोमट होती आणि मला ती धरायची भीती वाटत होती. बाळाला नेणारा आणि त्याच्याकडे जायची वाट ठेवणारा एकच होता. लहानपणापासून मी देवाला ओळखते असं समजत होते. त्या दुपारी मला कळलं की मी त्याच्या दारातसुद्धा उभी राहिलेले नाही.

"पाळकसाहेबांना बोलाव," बाबा म्हणाले. "म्हणावं, भाकर आणि प्याला घेऊन या."

मी फोन उचलला, पण विचारल्याशिवाय राहवेना. "बाबा, भीती गेली?"

"नाही," ते म्हणाले. "भीती आहेच. पण जायला तर पाहिजे. तुझ्या आईला हे वाचून दाखवायचं राहिलंय."