कोपऱ्याची लाथ

त्या रविवारी दुपारी बाबा बुटक्या टेबलापाशी मुळा सोलत बसले होते आणि मी समोर छपाईची कच्ची पानं तपासत होते. आमची प्रकाशनसंस्था मुलांसाठी लहान लहान माहितीपुस्तकं काढते. या खेपेचं पुस्तक होतं ‘फुटबॉलमधले नेहमीचे शब्द आणि त्यांचे अर्थ’. ते माझ्याकडे आलं, कारण फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही असं माणूस संपादकांना हवं होतं. मला कळलं तर मुलांनाही कळेल, असा त्यांचा हिशोब. मी ज्या घरात वाढले तिथे जेवणाच्या टेबलावर मिठाची बरणीसुद्धा बचावफळीत उभी असायची, हे मी ऑफिसात सांगितलं नव्हतं. तिथे मी बरंच काही सांगितलं नव्हतं.

“वाच,” बाबा म्हणाले.

“कॉर्नर किक. बचाव करणाऱ्या संघाला लागून चेंडू गोलरेषेबाहेर गेला, तर...”

“कोपऱ्याची लाथ.”

“बाबा, इथे कॉर्नर किक म्हणतात.”

“म्हणू देत. कोपरा आहे ना? लाथ आहे ना? मग लाजायचं कशाला?”

बाबा छोंगजिनला शाळेत खेळ शिकवायचे. तिकडे, उत्तर कोरियात, परक्या शब्दांना मैदानावरून केव्हाच हाकलून दिलं होतं. गोलकीपरला दारवान म्हणायचं, हेडरला डोकेमार, ऑफसाइडला चढाईभंग. पेनल्टी म्हणजे अकरा मीटरची दंडलाथ. देशात धान्य नव्हतं, पण शब्द सगळे घरचे होते. सीमेवरची नदी ओलांडून पळून येताना बाबांनी एवढे शब्दच काय ते बरोबर आणले, असं लिहिलं तर छान दिसेल. प्रत्यक्षात त्यांनी दोन लोकरी पायजमे आणि दातदुखीचं औषधही आणलं होतं.

दक्षिणेत आल्यावर मी टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईंसमोर बसून माझा हेल घासून काढला. उरलासुरला कानावर आलाच, तर मी इथल्याच, गांगवॉन प्रांतातली आहे असं सांगायचे. तिथल्या डोंगरात काहीही खपतं. छोंगजिन म्हटलं असतं तर मला कुणी नोकरीवरून काढलं नसतं. फक्त दुपारी जेवताना सगळे हळू आवाजात बोलू लागले असते आणि कुणीतरी भाताची आणखी एक वाटी माझ्यापुढे सरकवली असती. मला ती वाटी नको होती.

बाबांनी काहीच घासलं नाही. ते सरळ ‘पहाटतारा’ संघात जाऊन दाखल झाले. आपल्याकडे प्रत्येक वस्तीत असतो तसाच हा संघ. पोटं सुटलेली माणसं रविवारी उजाडता उजाडता शाळेच्या मैदानावर जमतात, गुडघ्यांना मलम चोळतात आणि मग एकमेकांचे गुडघे फोडतात. कू बोनशिक हे अध्यक्ष, त्यांचं फरशांचं दुकान. दारवान होता फ्यो जेदोक, खाटीक. बाबा वयामुळे खेळत नसत. रेषेवर उभे राहून ओरडत.

“संपर्क! संपर्क ठेवा!” म्हणजे पास द्या.

फ्यो लगेच चड्डीचे खिसे चाचपायचा. “मास्तर, फोन गाडीत राहिला हो!”

पहिली दोन-तीन वर्षं ते नुसते हसले. मग एका हंगामात त्यांच्या ध्यानात आलं, की आपण मास्तरांच्या शब्दांत ओरडलो तर समोरच्या संघाला घंटा कळत नाही. ‘डावीकडून कोपऱ्याची लाथ, मागच्याचा डोकेमार’ असं भर मैदानात जाहीर करून त्यांनी ‘हिरवी टेकडी’ संघावर गोल केला. हिरव्या टेकडीचे अध्यक्ष थाक सुंगफिल यांनी फुटबॉल संघटनेकडे लेखी तक्रार केली, की पहाटतारा संघ मैदानावर परकी भाषा वापरतो. संघटनेने तत्परतेने पत्रक काढलं: ‘सर्व खेळाडूंनी मैदानावर केवळ शुद्ध कोरियन भाषेत बोलावे. उदाहरणार्थ: पास, कॉर्नर किक, ऑफसाइड, पेनल्टी.’

बाबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. कू अध्यक्षांनी त्याला चौकट करून दुकानात लावलं, नमुन्याला ठेवलेल्या संडासाच्या बरोबर वर.

या सगळ्यात मी कोण होते, ते सांगायला हवं. मी सोलमध्ये ऑफिसजवळ खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी बाबांकडे यायचे. असंच एका रविवारी ते मफलर विसरून गेले, म्हणून मी मैदानावर गेले. कू अध्यक्षांनी विचारलं, “मास्तर, ह्या कोण?”

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, “जिल्हा कार्यालयातल्या आहेत. एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस करायला येतात.”

घरी येताना त्यांनी मला डाव समजावून सांगितला. “ह्यांची पोरं सोलमध्येच नोकऱ्या करतात. उद्या तुझ्या ऑफिसातलं कुणी ओळखीचं निघालं तर? माझ्या तोंडावर सगळा नकाशा छापलेला आहे. तुझ्या नाही. मी समोरच्यांना माझ्याकडे ओढतो, तू मोकळी राहा.” त्यांना स्वतःच्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटत होतं. मी मान्य केलं. सोयीचं होतं.

तेव्हापासून मी ‘कार्यालयवाल्या ताई’. दर रविवारी थर्मास घेऊन रेषेबाहेर उभी. मैदानावर बाबा मला अहो-जाहो करत. “ताई, आज थंडी आहे, कशाला आलात?” आणि मी म्हणायचे, “कामच आहे आमचं.”

त्या शेवटच्या रविवारी सकाळीही फ्यो म्हणाला होता, “कुठलं हे कार्यालय हो, ताई? सणासुदीला बंद असतं आणि रविवारी पहाटे उघडतं! आमच्या जन्माच्या दाखल्यासाठी पण सांगा की जरा.” सगळे हसले. बाबा सर्वांत मोठ्यानं हसले.

दुपारी मुळ्याच्या फोडींना तिखट लावताना त्यांनी विचारलं, “पुस्तकात माझा एखादा शब्द घालशील?”

“कंसात घालता येईल.”

“कंसात कशाला? मी काय चोर आहे?”

“बघते,” मी म्हटलं. ते लोणचं डब्यात भरून त्यांनी माझ्या पिशवीत ठेवलं, झाकण दोनदा दाबून पाहिलं आणि स्टेशनपर्यंत सोडायला आले. ते नेहमीच येत असत.

सोमवारी दुपारी मी ‘थ्रो-इन’पर्यंत आले होते. फोनवर बाबांचं नाव दिसलं. आवाज कू अध्यक्षांचा होता.

“ताई, कार्यालयातच ना तुम्ही? मास्तरांच्या फोनमध्ये ‘जिल्हा कार्यालय’ नावानं हा नंबर सापडला.” ते थांबले. “मास्तर गेले, ताई. माझ्या दुकानात कॉफी पिता पिता. हृदय. हॉस्पिटलात आणलं, पण काही उपयोग झाला नाही.”

शेजारच्या टेबलावर माझी सहकारी पेन्सिलीला टोक काढत होती.

“हॅलो? ताई? ह्यांचं कुणी नातेवाईक आहे का, तुमच्या कागदांत बघता का जरा?”

“बघते,” मी म्हटलं.

फोन ठेवला. ‘थ्रो-इन’खालचं वाक्य मी दुरुस्त केलं. ती दुरुस्ती बरोबर होती, हे मी नंतर तपासलं आहे. मग ऑफिसात सांगितलं, की ओळखीचं एक माणूस वारलं आहे, आणि निघाले.

मयताची दालनं हॉस्पिटलच्या तळघरात होती. दाराशी दिव्यांचा फलक होता. त्यावर बाबांचं नाव, एओम हाकचोल, आणि फोटो. पहाटताराच्या जर्सीतला, तोंड उघडं, काहीतरी ओरडत असलेला. दुसरा चांगला फोटो कुणाकडे नव्हता. नावाखाली सुतक धरणाऱ्या नातेवाइकांसाठी एक ओळ होती. ती कोरी होती.

दालनाचा व्यवस्थापक कू अध्यक्षांच्या मागे लागला होता. “साहेब, ओळ भरायला लागते. उद्या दहनाआधी कागदही करायचेत. कुणीच नसेल तर बेवारस म्हणून नोंद होते, मग पुढचं जिल्हा कार्यालय बघतं.”

“माझं नाव घाला,” फ्यो म्हणाला.

“आपण नात्यातले आहात का?”

“मी दारवान आहे.”

“गप रे,” कू अध्यक्ष म्हणाले. सुतक धरणारा बांधतो ती काळी पट्टी त्यांनी दंडावर बांधलेली नव्हती. हातात नुसतीच धरली होती. मला पाहून ते वळले. “या ताई. तुमच्याच कार्यालयाचं काम निघालं बघा. काय करायचं? बेवारस लिहायचं?”

मी म्हटलं, “थोडं थांबू या.”

“थांबू या,” ते व्यवस्थापकाला म्हणाले. “ओळ कोरी राहू दे. अंधार पडेपर्यंत कागद करू.”

मी आत जाऊन फोटोपुढे शेवंतीचं फूल ठेवलं. मुलीनं ज्या वाकण्यानं वाकायचं तसं वाकले नाही. पाहुणे वाकतात तेवढंच वाकले. मग फ्योच्या बायकोनं माझ्या कमरेला एप्रन बांधला, कारण माणसं वाढली होती आणि वाढणारे हात कमी होते. इथे मयताला आलेल्यांना जेवू घालतात: तिखट मटणाच्या रश्शाचे वाडगे, भात, मुगाच्या पिठाची धिरडी. माझ्या वडिलांच्या मयताला मी कार्यालयातर्फे हजर होते आणि चोख काम करत होते. एक जण म्हणालाही, “सरकारी माणूस असं राबताना पहिल्यांदा बघतोय.”

दिवस कलताना हिरव्या टेकडीचे थाक अध्यक्ष आले. फोटोपुढे दोनदा पालथे वाकले, मग पहाटतारावाल्यांच्या टेबलापाशी येऊन बसले. त्यांनी दारूचा पहिला पेला दोन्ही हातांनी कू अध्यक्षांना भरून दिला.

“ती तक्रार मीच लिहिली होती.”

“ठाऊक आहे,” कू म्हणाले. “तुमचं पत्रक रोज बघतो मी. जागाच तशी आहे.”

“आता तरी सांगा राव, काय काय म्हणायचात तुम्ही? चढाईभंग म्हणजे काय?”

“ऑफसाइड.”

“आणि संपर्क?”

“पास!” फ्यो म्हणाला. “तुमचे पोरगे फोन शोधायचे तेव्हा!”

थाक मांडीवर थाप मारून हसले, मग जागेचं भान येऊन तोंडावर हात धरला. एकेक शब्द विचारत गेले. आमच्या त्या छोट्या पुस्तकातली सगळी पानं त्या टेबलावर उलटली जात होती, आणि अर्थ, मला कबूल केलं पाहिजे, आमच्यापेक्षा चांगले सांगितले जात होते. मी वाडगे उचलत होते.

व्यवस्थापक पुन्हा दारात येऊन उभा राहिला. हातात कागद होता. कू अध्यक्षांनी त्याला हातानंच थांबवलं.

“आणि ते काय म्हणायचे,” थाक आठवत म्हणाले, “आमच्या पोरानं तुमच्या पोराला पाडलं, तरी पंचानं खेळ थांबवला नाही. तेव्हा मास्तर रेषेवरून काहीतरी ओरडले होते. ते आपलं अ‍ॅडव्हान्टेज...”

“पाहून सोडणं,” कू अध्यक्ष म्हणाले. “म्हणजे पंचानं कानाडोळा करायचा.”

“कानाडोळा नाही,” मी म्हटलं.

माझ्या हातात वाडग्यांचा ट्रे होता. आवाज माझाच होता, पण हेल बाबांचा होता. इतकी वर्षं घासून काढलेला, जसाच्या तसा. टेबलावरची सगळी माणसं वर बघू लागली.

“चूक झालेली पंचाला दिसते,” मी म्हटलं. “नीट दिसते. पण शिटी मारली तर खेळ थांबेल आणि नुकसान भलत्याचंच होईल, म्हणून तो मारत नाही. दोन्ही हात पुढे धरून धावत राहतो. आपल्याला दिसलंय हे सगळ्यांना कळावं म्हणून. कानाडोळा करणाऱ्याचे हात खाली असतात.”

फ्योनं चमचा खाली ठेवला, आवाज न करता. त्याची बायको माझ्या हातातून ट्रे घ्यायला पुढे आली आणि मी तो देऊन टाकला.

“ताई,” कू अध्यक्षांनी अगदी सावकाश विचारलं, “हे तुमच्या कार्यालयात शिकवतात?”

“नाही. घरी.”

“कुणाच्या घरी?”

व्यवस्थापकानं पेनाचं टोपण काढलं होतं.

“आमच्या,” मी म्हटलं. “छोंगजिनला. मी एओम सोल्मी. ते माझे बाबा आहेत.”