वरच्या दोन ओळी

"जरा ताईंसारखं गा ना," काचेपलीकडून संगीतकार म्हणाला. "तुमचं फार तुमच्यासारखं होतंय."

तिने हेडफोन सारखे केले आणि राग गिळला. बावीस वर्षं गिळत आली होती. एव्हाना पोट भरायला हवं होतं.

काम साधं होतं. ताई म्हणजे मोठ्या गायिका. त्यांची तारीख मिळेपर्यंत चित्रीकरण खोळंबू नये म्हणून गाणं आधी हिने गायचं. नायिकेने त्यावर ओठ हलवायचे, ताईंनी ते ऐकून चाल बसवायची, मग हिचा आवाज पुसून तिथे त्यांचा भरायचा. याला ट्रॅक म्हणतात, म्हणून स्टुडिओत ती ट्रॅकबाई. पुसलं म्हणून पाटीला कधी वाईट वाटतं का? तसं तिलाही वाटलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मात्र ती जावेबरोबर सिनेमाला गेली. तिने ट्रॅक गायलेलं गाणं लागलं. अंतऱ्याच्या वरच्या पट्टीतल्या दोन ओळी आल्या आणि ती खुर्चीत ताठ झाली. दुसऱ्या ओळीआधी श्वास मध्येच तुटला होता. गायच्या दिवशी तिला सर्दी होती. श्वास तिचा होता, ओळीही तिच्याच. ताईंचा गळा आता तिथवर पोचत नाही, म्हणून तेवढा तुकडा पुसलाच नव्हता.

"ताई या वयातही काय चढतात गं," जाऊ म्हणाली. "नाहीतर आपण. जिना चढलो तरी धाप लागते."

घरात तिच्या गाण्याला सगळे 'तिचं ते काम' म्हणत; त्यांना काय सांगणार, कपाळ?

आज आल्या आल्या तिने संगीतकाराला त्या ओळींबद्दल विचारलं होतं. त्याने नाकारलंसुद्धा नाही, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथेच. उलट खुर्ची दिली, हसला, ट्रॅकला नाव द्यायची रीत नाही म्हणाला. कुणाला फरक कळला नाही, म्हणजे तुम्ही किती सुंदर गायलात बघा. घरफोडी झालेल्याला 'तुमचं कुलूप छान होतं हो' म्हणावं, तसं. निदान पुढच्या वेळी माझं नाव घाला, ती म्हणाली. बघू, तो म्हणाला, आणि नव्या गाण्याचा कागद हातात दिला. यातही अंतऱ्याच्या दोन ओळी तशाच वर जात होत्या. त्या ओळींसमोर समासात लाल पेन्सिलीने लिहिलं होतं : ठेवणे.

ती मुखडा चोख गायली. अंतरा सुरू केला. वरच्या ओळी आल्या आणि तिने तोंड मिटलं. तबला एकटाच पुढे गेला.

"बाई, ओळी सुटल्या," संगीतकार म्हणाला.

"सुटल्या नाहीत. त्या ताईंच्या आहेत. त्याच गातील."

त्याने पुन्हा घ्यायला लावलं. पुन्हा तेच.

"दुसऱ्या कुणाला बोलावू का?" आवाज आता गोड नव्हता.

"बोलवा. ती येईपर्यंत बाकीचं नीट करून देते. कामात खोट नको."

तिसऱ्यांदा वाद्यं सुरू झाली. वरच्या ओळींपाशी ती गप्प झाली आणि डोळे मिटून बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत राहिली. सोळा झाल्या. बरोबर समेवर तिने मुखडा उचलला, मोकळ्या गळ्याने, अगदी स्वतःसारखा. काचेपलीकडे संगीतकाराने रेकॉर्डिंग थांबवायच्या बटणावर ठेवलेला हात तसाच राहिला; दाबायचं त्याला सुचलं नाही.