हात कापते

केशोरीत धान कापणीला आले की बाईची किंमत तिच्या हातातल्या इळ्यावर ठरते. जिच्या हाती इळा नाही ती म्हातारी, बाळंतीण नाहीतर वेडी. रुख्मा म्हातारी नव्हती, बाळंतीणही नव्हती. उरलं काय, ते गावानं आधीच ठरवून टाकलं होतं.

दोन वर्षांपूर्वी तिची झोप उडाली. डोळ्याला डोळा लागेना, कानात कुणीतरी बोलू लागलं. नवरा दुधराम तिला आधी मांत्रिकाकडे घेऊन गेला. तिथं मिरच्यांच्या धुरीत बसवून, केस धरून विचारलं, तू कोण आहेस. ती सांगत होती, मी रुख्मा आहे. ते उत्तर कुणालाच चालेना. शेवटी तिचा भाऊ वीरेंद्र भांडून तिला नागपूरला डॉक्टरकडे घेऊन गेला. त्या डॉक्टरीणबाईंनीही नावच विचारलं, पण तिनं सांगितलं ते मुकाट्यानं लिहून घेतलं. त्या एका गोष्टीसाठी रुख्मा आजही मनातल्या मनात त्यांना हात जोडते.

गोळ्यांनी आवाज गेले, झोप आली. खोडी एकच राहिली, हात कापायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हळूहळू कमी होईल, गोळी सोडायची नाही आणि शेतातलं काम पहिल्यासारखंच करायचं.

यातलं शेवटचं दुधरामच्या कानात शिरलंच नाही. इळा, कुऱ्हाड, विळी सगळं त्यानं कोठीत टाकून कुलूप लावलं. पोरगी रीता शेजारच्या घरी जाऊन भाजी चिरून आणायची. रुख्माचा थरथरता हात पाहून बाया म्हणायच्या, अंगात येऊन राहिलं. एकीनं तर तिच्यापुढं लिंबू ठेवून नमस्कार केला. पाया पडायला तयार, शेजारी बसायला नाही. असली ही माणसं, आणि तुमच्या गावातली फार निराळी असतील असं समजू नका.

यंदा कापणीच्या पहिल्या दिवशी रुख्मा गावातल्या ओमेशच्या धानाच्या शेतात, बांधीवर जाऊन उभी राहिली. तिथं सुलोचनाबाईची टोळी कामाला लागत होती. बाई साठीची, जीभ इळ्याहून धारदार. रुख्मानं कापायला आपल्या वाट्याची ओळ, पात मागितली. बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. आज यांनी नाही म्हटलं तर आपल्याला पुन्हा कुणी कधीच बोलावणार नाही, हे रुख्माला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात दुधराम धापा टाकत धुऱ्यावर, शेताच्या बांधावर आला. म्हणाला, "हिले इळा नोका देऊ बाई, डॉक्टरनं मना केलं."

सुलोचनाबाईनं त्याला खालून वर न्याहाळलं. "डॉक्टरनं मना केलं, का तुमी भेऊन राहिले?"

दुधराम धुऱ्यावरच उकिडवा बसला. मग टोळीतली एक जण हळूच म्हणाली, "पण बाई, तिचा हात पाहा ना. कापते."

"कापते तं चांगलंच आहे ना वं. आपण का नाचाले आलो? कापालेच तं आलो."

कुणाचं तरी हसू फुटलं. बाईनं पदराची गाठ सोडून गोळ्यांची पट्टी पुढं धरली. "हे माही बीपीची गोळी. हिच्यानं माहे पाय सुजते. मंग मी चुडैल झाली का? तिच्या गोळीनं तिचा हात कापते. देवीले कायले मधात आणता?"

आणि स्वतःचा इळा तिनं रुख्माच्या हातात दिला. आपण दुसरा घेतला आणि रुख्माला आपल्याला खेटूनच पात दिली, म्हणजे बाकीच्यांना बोलायला जागा उरू नये.

सुरुवातीला हात ऐकेना. कापलेले धान वेडेवाकडे पडत होते. पण मुठीत चार ताटं घट्ट धरली की थरथर कमी होते, हे तिला तासाभरात उमगलं. अर्धी बांधी झाली तेव्हा सुलोचनाबाईनं मागं वळून पाहिलं, बैलांचा वीतभर पेंढा बुंध्यातच राहिलेला दिसला, आणि ती खेकसली, "रुख्मे, बुडं कायले एवढी उंच ठेवून राहिली वं? तणीस का तुहा बाप देईन बैलाले?"

सगळी टोळी हसली. रुख्मा वाकलेली होती तशीच थांबली. आजारी पडल्यापासून तिच्यावर कुणी ओरडलंच नव्हतं. जो तो हळू बोलायचा, न फुटलेल्या फटाक्याजवळ वावरावं तसा. बाईचे पाय धरावेत असं वाटलं, पण पाया पडण्याचा तिला आता वीट आला होता.

"बाप तं मेला बाई," ती म्हणाली, "तुमीच देजा."

या वेळी सुलोचनाबाईही हसली. दुधराम धुऱ्यावरून खाली उतरला होता. तो रुख्माच्या पातीमागचे धान गोळा करून भारे बांधू लागला. ते पाहून तिचा त्याच्यावरचा राग सगळाच गेला असं नाही, पण तिला बरं वाटलं.

संध्याकाळी निघताना बाईला काहीतरी म्हणायला हवं म्हणून ती घुटमळली.

सुलोचनाबाईनं तिला वाटेतून बाजूला सारलं. "सकाळी सातले ये. उशीर केला तं पात नाही भेटणार."

"येतो बाई," रुख्मा म्हणाली.